पाठराखीचं उभं राहणं

“ताई, परत मान वळली.”

दिग्दर्शकाचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. ताईनं ढाल खाली टेकवली. ढाल कसली, चटईचा तुकडाच तो, मागे पट्टा लावलेला. सकाळपासून ती या रिकाम्या हॉलमध्ये व्हिडिओ गेममधल्या ‘पाठराखी’ नावाच्या एका लढवय्या बाईच्या हालचाली करून दाखवत होती. अंगात घट्ट काळा पोशाख, त्यावर थेट बोटांपर्यंत चिकटवलेले चमकते गोळे. कॅमेऱ्यांना फक्त ते गोळे दिसायचे. पडद्यावर त्या गोळ्यांतूनच चिलखत घातलेली बाई उभी राहायची. उड्या झाल्या, वार झाले, तीन वेळा मरून झालं. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. आता नुसतं उभं राहायचं होतं. खेळणारा चहा करायला उठला, की पडद्यावरची ती जशी उभी राहील, तसं.

आणि नेमकं तेच जमत नव्हतं.

मागे, दाराजवळच्या खुर्चीत तिची आई बसली होती. सांभाळणारी बाई आज उगवलीच नाही, आणि आईला हल्ली एकटं ठेवायची सोय नव्हती. दार दिसलं की ती ‘घरी जाते’ म्हणून निघायची, घरातूनसुद्धा. सकाळी तिला समोर, दिग्दर्शक आणि कॅमेरावाल्यांच्या टेबलांपाशी बसवलं होतं. तिनं एक वायर उपटली आणि नीट गुंडाळून ठेवली, पसारा नको म्हणून. तेव्हापासून तिची रवानगी मागे.

“पाठराखी मागे बघत नाही,” लेखिका म्हणाली. या खेळातल्या योद्ध्यांच्या दंतकथा रचणं हे तिचं काम. कडेला जमिनीवरच मांडी घालून बसली होती. “ज्यांना पळता येत नाही, त्यांच्या पुढ्यात पाठराखी उभी राहते. एकदा जरी तिनं मागे वळून पाहिलं, तर तिच्या ढालीची काच होते. एक दगड बसला की संपलं.”

“हा नियम केला कुणी?”

“मीच.”

“तुमच्या घरी कोण असतं?”

“मांजर.”

“तरीच,” ताई म्हणाली.

लेखिका हसली. मग तिनं दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि हसायची थांबली.

“हे बघा ताई,” स्पीकर बोलला, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाही जमलं, तर दुसरी बोलवावी लागेल. आणि लढणारी एक, उभी राहणारी दुसरी, हे पडद्यावर लगेच कळतं हो. मग सगळंच तिच्याकडून करून घेऊ.”

म्हणजे सकाळचं सगळं मरण फुकट. शिवाय या वयात उड्या मारायला परत कोण बोलावणार होतं?

“अगं ए,” आईनं मागून हाक मारली, “त्या गोट्या काढ आधी अंगावरच्या. लोक हसतात.”

“काढते. तू फक्त बसून राहा.”

“बसून बसून खुर्चीला मुळं फुटली.”

“घेऊ या,” स्पीकर म्हणाला.

ताईनं डाव्या हातानं ढाल उचलली, उजवा हात सैल सोडला, नजर समोरच्या भिंतीवर रोवली. आईची खुर्ची एका पायानं लंगडी होती. आई जराशी हलली तरी ती करकरायची. ताईनं कान तिथं ठेवले. कर्र. आहे. कर्र. आहे. मान जागची हलली नाही.

मग करकर थांबली.

झोपली असेल. झोपते ती बसल्या बसल्या.

सपक, सपक. चपला. दाराकडे, की इकडे? हॉल इतका रिकामा, की आवाज चारी भिंतींवरून सारखाच येत होता. दाराबाहेर जिना. जिन्याखाली रस्ता. रस्त्यावर ट्रक.

“छान, ताई. असंच.”

सपक थांबली.

खड्ड्यात गेलं काम! ती वळणार, एवढ्यात तिच्या उजव्या हाताची करंगळी कुणीतरी मागून धरली. गार, सुरकुतलेली बोटं.

“अहो बाई,” आई कुजबुजली, “इथं माझी लेक होती. पाहिलीत का?”

ताईनं नजर भिंतीवरच ठेवली.

“येईल इतक्यात,” ती ओठ न हलवता म्हणाली. “तोवर माझ्या मागे उभ्या राहा.”

“बरं,” आई म्हणाली आणि उभी राहिली.

लेखिका अर्धवट उठली होती, ती तशीच खाली बसली. टेबलांपाशी सगळ्यांचे डोळे पडद्यावर. हॉलकडे कुणी बघतच नव्हतं.

“झालं! वा, ताई! याला म्हणतात उभं राहणं!”

सगळे पडद्याभोवती जमले. ताईही आली, करंगळीला आई. पडद्यावर धुकं होतं, पडकी वेस होती, आणि वेशीपुढे चिलखतातली ती. नजर समोर, मान ताठ. आईच्या अंगावर गोळे नव्हते, त्यामुळे कॅमेऱ्यांच्या लेखी ती तिथं नव्हतीच. फक्त पाठराखीचा उजवा हात जरासा मागे गेलेला, आणि करंगळी रिकाम्या हवेत वाकलेली.

“हा हात असा का?” दिग्दर्शक म्हणाला. “साफ करता येईल म्हणा.”

“राहू दे,” लेखिका म्हणाली.

आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. डोळे बारीक करून बघत राहिली.

“कोण हो ही?”

“पाठराखी,” ताई म्हणाली.

“च्च. पोर सुटलंय वाटतं बिचारीच्या हातातून.” आई हळहळली, आणि तिनं ताईची करंगळी आणखी घट्ट धरली.