दुसरा भाग

"जागा कमी पडतेय, बाबा," निधी म्हणाली. "दुसरा भाग टाकायचा असेल तर पहिला डिलीट करावा लागेल."

जयंत कॉम्प्युटरपुढे बसलेल्या मुलीच्या खुर्चीमागे उभा होता. हातात खेळाचा रिकामा खोका होता. खोक्यावर समुद्र, समुद्रात शिडाचं जहाज. या खोक्याची त्याच्या बायकोने, वृंदाने, चार-पाच वर्षं वाट पाहिली होती. ती सारखी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन करायची. दुकानदार राजीव म्हणायचा, "मॅडम, अगले महीने पक्का." खेळ बनवणारे तारीख पुढे ढकलत राहिले. वृंदा मार्चमध्ये गेली. खेळ दिवाळीनंतर आला. राजीवने घरी फोन करून विचारलं, "मॅडम हैं?" जयंत एवढंच म्हणाला, "रख दो. मैं आता हूँ."

"आईचा हीरो पण जाईल मग," निधी म्हणाली.

"जाऊ दे."

"बाबा, यार! आईचा आहे तो."

तो आईचा होता, हेच जयंतला सलत होतं.

सरकारी नोकरी सोडून तो गुडगावच्या एका परदेशी कंपनीत लागला, त्याच वर्षी त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला. पगार वाढला. बस अख्खी दिल्ली ओलांडून यायची. तो घरी पोचे तेव्हा ताटावर ताट झाकलेलं असे. कॉम्प्युटर निधीच्या अभ्यासासाठी घेतला होता, पण त्यावर बसली वृंदा. खेळात एक माणूस घ्यायचा आणि त्याला घेऊन देश फिरायचा. लोकांशी बोलायचं, कुणावर विश्वास टाकायचा ते आपण ठरवायचं. "गोष्ट वाचतेय असं वाटतच नाही," ती म्हणायची. "गोष्टीत राहायला गेल्यासारखं वाटतं."

जयंत जेवायला बसला की ती दिवसभराचं सांगायची. "आज आम्ही घाट ओलांडला. वर नुसता बर्फ. रात्रभर एका गुहेत शेकोटी करून बसलो दोघं."

तिचं ते 'आम्ही' त्याला घासाबरोबर टोचायचं. एकदा त्याने विचारलं, "कोण हा एवढा?"

"आहे एक," ती म्हणाली. "म्हणेन तिथे येतो. तुमच्यासारखी त्याची मीटिंग नसते."

ती हसली. तोही हसला. पण मनात ते राहिलं.

वृंदाने जयंतचं नाव कधी घेतलं नाही. घरात, बाजारात, पाहुण्यांत, ती 'अहो' म्हणायची. कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींचं हळदीकुंकू असायचं, बायका उखाण्यासाठी हात धरून बसवायच्या. ती लाडू घेऊन पळून यायची. आता दिल्लीभर त्याला जयंतजी म्हणणारे होते, सर म्हणणारे होते. अहो म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. आणि त्या कॉम्प्युटरमधल्या माणसाला मात्र तिने हौसेने नाव ठेवलं होतं. ते काय, हे जयंतने कधी विचारलं नाही.

पहिल्या भागात रस्ता समुद्रापाशी संपायचा. पुढे जायला जहाज नव्हतं. ते दुसऱ्या भागात मिळणार होतं. इस्पितळात नळ्या लागलेल्या असतानाही तिने विचारलं, "आला का हो दुसरा भाग?" जयंतने नाही म्हटलं. ती डोळे मिटून म्हणाली, "बिचारा किनाऱ्यावर उभाय माझा."

'माझा' म्हणाली. शेवटच्या आठवड्यात.

"मग करू डिलीट?" निधीने विचारलं.

"कर." मग तो म्हणाला, "थांब. आधी बघू तरी, कोण होता तो."

निधीने पहिला भाग उघडला. वृंदाने शेवटी जिथे थांबवला होता तिथूनच खेळ सुरू झाला. संध्याकाळचा समुद्र होता. किनाऱ्यावर एक सराय, तिच्या दारात एक माणूस पाठमोरा उभा. जयंतने मनात कुणी देखणा, धिप्पाड योद्धा धरला होता. हा साधाच होता. खांदे थोडे पडलेले. लांबून आल्यासारखा.

"नाव काय याचं?" जयंतने विचारलं.

"काय माहीत. खेळणाऱ्यानेच ठेवायचं असतं, सुरुवातीला. मग गेममधले सगळे लोक त्याच नावाने त्याच्याशी बोलतात. मला आई हात लावू द्यायची नाही. बोलायची, हा माझा आहे, तू तुझा बनव." निधीने पडद्यावरचा बाण हलवला. "आत नेऊ? सरायवाली बोलेल काहीतरी."

माणूस आत गेला. चुलीपाशी बसलेली बाई उठून पुढे आली. तिच्या डोक्यावर चौकट उघडली आणि तिच्यात इंग्रजीत एक ओळ उमटली.

निधीने ती वाचली. मग काही न विचारता बटण दाबून दुसऱ्या भागाची सीडी बाहेर काढली आणि बापाच्या हातातल्या खोक्यात ठेवली.

जयंतने खिशातला चष्मा काढून लावला. वाकून, एकेका शब्दावर थांबत, त्याने ती ओळ वाचली. इंग्रजीत नाव तेवढं मराठी होतं.

"आलात एकदाचे, अहो? बसा, जेवण तयार आहे."