पहिला मान

धनुष्य काकांच्या हातात होतं आणि ते मोडायची वाट बघत ती दाराला टेकून उभी होती. चेहरा मात्र अगदी साळसूद. तिने पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली, जिना चढून दम लागला का म्हणून चौकशीही केली.

काका बसले नाहीत. त्यांनी धनुष्य खिडकीच्या उजेडात धरलं. पाठीवर जनावराच्या कंडरांचे धागे सरसात बसवलेले होते, केस विंचरावेत तसे एकसारखे.

"बापाचा हात आहे," काका म्हणाले.

"त्यांनीच शिकवलं. एका डोळ्याने."

काकांनी नुसती मान हलवली. तिला त्या मान हलवण्याचाही संताप आला.

बाबांचा डोळा गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. दोघा भावांचा धनुष्यांचा कारखाना एकच होता, आजोबांचा. हात धाकट्याचा, म्हणजे बाबांचा चांगला, पण आजोबांनी कारखाना थोरल्याच्या हाती दिला. बाबांना ते कायम सलायचं. आजोबांचा एक नियम होता: ज्याने धनुष्य केलं त्याने ते आधी ओढायचं, घेणाऱ्यासमोर, पार कानापर्यंत. मोडायचंच असेल तर करणाऱ्याच्या हातात मोडू दे.

बाबांनी त्या दिवसाची गोष्ट जन्मभर तीनच वाक्यांत सांगितली. "दादाने धनुष्य माझ्या हातात दिलं. आधी तू ओढ म्हणाला. मी ओढलं." धनुष्य मोडलं आणि त्याची ढलपी डोळ्यात घुसली. पुढे बाबा खुर्च्यांचे पाय तासत जगले, आणि कारखाना एकट्या काकांचा झाला. जे धनुष्य काकांनी स्वतः ओढायला हवं होतं, ते त्यांनी सख्ख्या भावाच्या हातात दिलं. पोरीला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिने तेव्हापासून डूख धरला तो धरलाच.

बाबा गेले आणि महिन्याभराने काका दारात उभे. "माझ्यासाठी एक धनुष्य कर. तुझ्या हातचं," म्हणाले. तिने विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं.

लाकूड तिने उत्तम निवडलं. हलकं लाकूड काकांनी लांबूनच ओळखलं असतं. धनुष्याच्या पाठीवर लाकडाच्या वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखावं लागतं. ते कुठे कापलं गेलं तर धनुष्य तिथेच दगा देतं. तिने आठ दिवस जीव ओतून ते राखलं. मग नवव्या दिवशी, मुठीच्या वर वीतभर अंतरावर, करवतीने त्याला आडवा काप दिला. वरून कंडरा बसवल्या आणि तेवढ्या जागी सरस लावलाच नाही. दोरी चढली असती, अर्ध्यापर्यंत ओढही निघाली असती. कानाशी येता येता मोडलं असतं, आणि ओढणाऱ्याचा चेहरा तेव्हा बरोबर समोर असतो.

सरस सुकायला पाच महिने लागले. रोज सकाळी भिंतीवरच्या त्या धनुष्याकडे बघत ती चहा प्यायची. इतका गोड चहा तिने आयुष्यात प्यायला नव्हता.

काकांनी दोरी चढवली. गुडघा थरथरला, पण चढवली. मग ते पाठीवर नखाने टकटक करत वर सरकू लागले. मुठीच्या वर वीतभर गेल्यावर आवाज पोकळ आला. ते थांबले. पुन्हा तिथेच टकटक केली.

"ओढ," काका म्हणाले आणि त्यांनी धनुष्य पुढे केलं.

उत्तर तिने केव्हाचं तयार ठेवलं होतं. "आज तुम्हीच ओढा, काका. पहिला मान तुमचा."

काकांनी धनुष्य मागे घेतलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"केलं कुणी हे?"

"मी."

"मग?"

धनुष्य तिच्यासमोर तसंच होतं. नाही म्हणणं म्हणजे सरळसरळ कबुली. पाच महिने पाण्यात, आणि वर या माणसापुढे मान खाली. त्यापेक्षा ओढून टाकावं, मोडलं तर मोडलं, असंही तिला खरोखर वाटलं. तिने मूठ धरली. दोरीला बोटं लावली. दोरी वीतभर मागे आली आणि लाकूड बारीकसं करकरलं.

बाबांच्या डोळ्याची रिकामी खोबण तिने वर्षानुवर्षं आपल्या हाताने पुसली होती. त्याच हाताची बोटं दोरीवर होती. तिने दोरी हळूहळू परत नेली.

"नाही," ती म्हणाली. "नाही ओढणार मी."

काका आता कुठे खुर्चीत बसले. त्यांनी दोरी उतरवली आणि धनुष्य मांडीवर आडवं घेतलं.

"ते धनुष्य तुझ्या बापाने केलं होतं," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

ती समोर जमिनीवर बसली.

"त्यानेही असाच मला पहिला मान दिला. तेव्हाच ओळखलं मी, आणि डोकं फिरलं माझं. म्हटलं, केलंस तू, तर आधी ओढायचंही तू." काकांचं नख त्या पोकळ जागेवर फिरत होतं. "वाटलं होतं, तोही नाही म्हणेल."