हाड, बकरी!

"सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, हाड बकरी!"

शाळेच्या खिडकीखाली तरोट्याच्या झुडपांत दडून बसलेल्या लखनलालने दचकून मागे पाहिलं. बकरी कुठेच नव्हती. आत मात्र पोरांनी तेच म्हटलं, बकरीसकट, आणि पाढा पुढे निघाला.

लखनलाल खूश झाला. बकरी हाकलतानाही पाढा तुटू न देणारा मास्तर त्याने आजवर पाहिला नव्हता. आवाज जरा किरटा होता, पण आवाजाशी काय करायचं आहे?

त्याची राजकुमारी सात वर्षांची झाली होती. शाळेत नाव घालायची मुदत शनिवारी संपत होती, आणि आज शनिवारच होता. "यंदा नाव नाही घातलं, तं पुढच्या साली तुमची माय तिले धानाच्या रोवण्यावर नेईल," त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, सकाळीच बजावलं होतं. "मंग झाली तिची शाळा!"

पण लखनलाल पडला पारखी. गोरेगावच्या बाजारात तो बैलसुद्धा मालक पाणी प्यायला गेल्यावर पाहायचा. शाळाही तशीच पाहायची, चोरून. आजूबाजूच्या गावांतल्या दोन शाळा त्याने नापास केल्या होत्या. एका मास्तरची फळ्यावरची अक्षरं उताराला लागलेल्या गाड्यासारखी घसरत होती. दुसरा जांभई द्यायचा, की साठ पोरं जांभई द्यायची, आणि छपरावरचा कावळाही चोच वासायचा. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा.

"पिंजऱ्याची कडी लावता येत नाही, अन् शाळा पारखाले निघाले!" हेही चंद्रावतीनेच सुनावलं होतं. दिवाळीत पिंजरा पुसून याने कडी उघडीच ठेवली, आणि तिचा मिठ्ठू भुर्र झाला होता.

राहिली होती ही आपल्याच गावची, जनपद सभेची शाळा. तिच्या खिडकीखाली बसायचा लखनलालचा आज तिसरा दिवस होता. तीन दिवसांत एक पाढा चुकला नाही. शेवटी त्याने मान वर करून आत पाहिलं.

केवळराम मास्तर पलीकडच्या कोपऱ्यात, चौथीच्या पोरांना भागाकार शिकवत होते. तोंड तिकडे, पाठ इकडे. इकडे पहिली-दुसरीच्या पोरांसमोर मास्तरांची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर एक पोपट बसला होता.

"आठ सक अठ्ठेचाळीस," पोपट म्हणाला. पोरांनीही म्हटलं.

लखनलाल सरळ आत शिरला. "गुरुजी, हे काय होय?"

मास्तर जरासुद्धा लाजले नाहीत. "चार वर्ग, मास्तर एक. दोन वर्ग मी घेतो, दोन हा घेते. दिवाळीनंतर आपल्याच मनानं आला. दोन मिरच्या खाते, सुट्टी मागत नाही. पगार तेवढा मले भेटते."

"तुम्ही शिकवले याले पाढे?"

"मी कायले शिकवू? शिकूनच आला तो. एकोणीसपर्यंत पक्का. वीसचं नाव काढलं की मान फिरवते. अन् पोरं माह्यं ऐकतच नाही गा, त्याचंच ऐकतात!"

तेवढ्यात पोपटाने मान तिरकी केली. एका डोळ्याने लखनलालला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ठणकावून विचारलं,

"अजी, कडी लावली काय?"

"लावली!" लखनलाल सवयीने बोलून गेला.

सारी शाळा हसून लोळली. मास्तर मात्र चकित झाले. "हे तं यानं आजपर्यंत कोणाले नाही पुसलं!"

 लखनलालने राजकुमारीचं नाव घातलं आणि भर दुपारी घराकडे निघाला. एरवी या वेळी तो धानाच्या बांधीत असायचा. मागच्या पडवीत पायाने चालवायची ढेंकी धपधप चालली होती. बायका धान कांडताना काहीतरी गुणगुणतात, एवढंच त्याला दहा वर्षांत कळलं होतं. आज तो स्वतःच्याच घराच्या खिडकीखाली बसला.

"अठ्ठावीस पंचे एकशे चाळीस, हाड बकरी!" ढेंकीवर पाय मारता मारता चंद्रावती म्हणाली.

"अठ्ठावीस सक एकशे अडुसष्ट," राजकुमारी बकरीला ढकलत म्हणाली. ढेंकीच्या वर रिकामा पिंजरा लटकत होता.

लखनलाल उठून आत गेला. "तुले पाढे येतात?"

"चौथी पास आहो मी, माहेरची. पोरीले महिन्याले एक पाढा देतो." चंद्रावतीचा पाय थांबला नाही. "तुम्ही तीन गावच्या शाळा पारखल्या. घरात कधी पुसलं काय?"

लखनलालने डोक्याचा फेटा काढला, झटकला, पुन्हा बांधला.

"नाव घातलं पोरीचं?"

"घातलं. तुह्या मिठ्ठूच्या शाळेत." आणि त्याने सगळं सांगितलं, खुर्ची, मिरच्या, कडी, सगळं.

आता मात्र ढेंकी थांबली.

"कुठवर येते त्याले?"

"एकोणीसपर्यंत."

चंद्रावतीने बोटांवर महिने मोजले. मग रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दिवाळीपासूनचा राग नव्याने काढला.

"कडी उघडी ठेवाची लय घाई केली तुम्ही! आणखी वरीसभर दम धरला असता, तं गावची सारी पोरं तीसपर्यंत गेली असती."