दोन शब्दांचा निरोप

लेकीच्या लग्नाला नखले गेला नाही, कारण जावई त्याच्या पसंतीचा नव्हता. त्यानंतर जुमानाने माँट्रियलहून बापाला एकदाही फोन केला नाही. जबेल गावातल्या शाळेतून निवृत्त झालेला नखले आता प्राचीन फिनिशियन लिपीची वेबसाइट चालवायचा. ती लिपी त्याने जुमानाला लहानपणीच शिकवली होती. एका दुपारी कॉम्प्युटरवर त्याने तिला दोन शब्दांचा निरोप लिहिला. शब्द घरच्या अरबीतले, अक्षरं मात्र फिनिशियन.

"अहो, सरळ आपल्या अक्षरांत लिहा की," त्याची बायको सुआद म्हणाली. "लेकीला लिहिताय, शिलालेख नाही कोरत!"

"तसं लिहायला हात धजत नाही गं."

त्याने निरोप तसाच पाठवला. कॉफी निवायच्या आत फोन वाजला.

"बाबा, माझ्या मोबाइलवर नुसते चौकोन दिसताहेत. काय लिहिलंय?"

"अगं, तुझ्याकडे फॉन्ट नसेल. लिंक पाठवतो, तो टाकून घे, म्हणजे..."

"फॉन्ट राहू दे. तुम्हीच वाचून दाखवा ना."

नखलेने पडद्याकडे पाहिलं, घसा खाकरला. सुआद हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. आवाज कातर झाला, तरी त्याने पुन्हा म्हटलं, "पोरी, चुकलं माझं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"अक्षरं दिसत होती, बाबा," जुमाना म्हणाली. "मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."