बटणांचा डबा

दान देताना हात आखडला, की पुण्य देणाऱ्याचे होते आणि अपमान घेणाऱ्याचा. वर्षअखेरच्या सुट्टीत मुलांचे जुने कोट गरजूंना वाटण्याची त्या घराची परंपरा होती. सासूबाई प्रथेप्रमाणे आधी कोटांची बटणे कापून डब्यात टाकत होत्या.

“आई, बटणं कशाला काढताय?” नव्या सुनेने विचारले.

“चांगली आहेत, उपयोगी पडतात. आणि धर्माच्या गाईचे दात घेणाऱ्यानं मोजायचे नसतात, सूनबाई.”

सुनेने संतापून डबा त्यांच्यापुढे उपडा केला आणि सुईदोरा आदळला.

“नव्हतेच मोजले! चौथीचा अख्खा हिवाळा मी एका हातानं कोट आवळून शाळेत गेले. याच घरातून आला होता तो!”

सासूबाईंनी सुई उचलली. त्या कोटांत शिरणाऱ्या लेकरांचे दोन्ही हात मोकळे राहोत.