न कालवलेला भात

गाजराची एक सळी पालकाला टेकली होती. तिने श्वास रोखून ती चिमट्याने उचलली, जागेवर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. सव्वासहा. साडेसहाला नवरा येणार होता.

पदार्थ तसा साधाच. वाडग्यात गरम भात, त्यावर वाफवलेला पालक, परतलेलं गाजर, मशरूम, काकडी, मोड आलेले मूग, कडेला लाल चटणी आणि मधोमध तव्यावरचं अर्धकच्चं अंडं. कोरियातली माणसं हा घरच्या घरी झटपट करतात म्हणे. या घरात त्याला दोन तास लागत. नवरा कारखान्यात माल तपासायचा. केसाएवढा फरक दिसला की माल बाद. कुठल्याशा पार्टीत त्याने हा वाडगा पाहिला, फोटो काढला, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी त्याला तो हुबेहूब तसाच लागायचा. फोटोत एकही भाजी दुसरीला शिवलेली नव्हती. म्हणून तोही एकेक भाजी वेगळी खायचा आणि शेवटी तळाचा कोरडा भात चावत बसायचा. खरं तर हे सगळं कालवून खायचं असतं. तिने वाचलं होतं, पण सांगायची छाती झाली नव्हती.

पहिल्यांदा भाज्या एकमेकींत गेल्या, तेव्हा त्याने वाडगा सिंकमध्ये उपडा केला. दुसऱ्यांदा तिचं मनगट पिरगाळलं. ती चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. तिथे तिने हात दारात अडकला म्हणून सांगितलं आणि वर हसली. चष्म्याचे स्क्रू उचलायचा बारीक चिमटा त्याच आठवड्यात घरी आणला. शेजारणी म्हणायच्या, नवरा किती टापटिपीचा, नशीब काढलंस बाई. तीही मान डोलवायची. नऊ वर्षांच्या लेकीला यातलं काही ठाऊक नाही, या एकाच आधारावर ती दिवस ढकलत होती. रडू आलंच तर स्वयंपाकघराचं दार लावून नळ सोडायची.

आज लेक आपणहून मदतीला आली होती. जिभेचं टोक बाहेर काढून काकडीच्या चकत्या मांडत होती, एकेक चकती बोटाने सरळ करत. आपल्यापेक्षा हिचा हात बरा, असं वाटून आईला कौतुकच वाटलं.

अंडं ठेवताना मात्र आईच्याच हातून उलथन्याची कड लागली. बलक फुटला. पिवळा ओघळ मशरूमवरून पालकाखाली गेला आणि भातात उतरला. घरात दुसरं अंडं नव्हतं. दुकानात जावं तर तो वाटेत भेटेल, भात नव्याने लावावा तर तेवढा वेळ नाही. ती फडक्याने ओघळ टिपायला लागली, तसा तो आणखीच पसरला.

लेकीने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. रोजचंच काम असावं इतक्या शांतपणे.

"तू आंघोळीला जा," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या हातून झालं म्हणून सांगते मी. माझ्यावर अजून हात नाही उचललाय बाबांनी."

आईला त्यातला एकच शब्द ऐकू आला. अजून.

तिने लेकीकडे पाहिलं. मग त्या एका ओळीत बसवलेल्या चकत्यांकडे पाहिलं. हौस कसली, पोरगी आईच्या अंगावरचा मार चुकवत होती. लेकीला हे किती शुक्रवारांपासून ठाऊक होतं, ते विचारायचा तिला धीर झाला नाही.

तिने मोठा चमचा घेतला आणि वाडगा तळापासून ढवळला. पालक, गाजर, अंडं, चटणी, सगळं एक झालं. लेकीने तोंडावर हात दाबून धरला. आईने तो भात डब्यात भरला, झाकण लावलं, दप्तर लेकीच्या पाठीवर चढवलं आणि कपाटातली कागदपत्रांची पिशवी काखेत मारली. दोघी मागच्या जिन्याने उतरू लागल्या तेव्हा सहा पंचवीस झाले होते. दुसऱ्या मजल्यावर थांबून तिने मोठ्या भावाला फोन लावला.

"दादा, आम्ही दोघी येतोय तुझ्याकडे," ती म्हणाली. "जेवायला नाही. राहायला."