नाल्यापलीकडचा बोजारा

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ नि पैसे, मागत होती आणि मी टॉर्च घेऊन त्यांच्या मागे. नाल्यापलीकडचं कुंताबाईंचं घर तेवढं उरलं होतं. गेल्याच आठवड्यात तिथून बिबट्यानं शेळी नेली होती. "तिकडे जायचं नाही," मी म्हणाले. माझी रिंकू रडवेली झाली. "आई, आजी लाडू करून वाट पाहून राह्यली असन." बाकीची पोरंही मागे लागली. शेवटी माझंच मन विरघळलं. नाल्यापाशी पोचलो, तर समोरून कुंताबाई येत होत्या, एकट्याच, धापा टाकत, पदरात बोजारा बांधून. "पोरायले घेऊन परत फिर, सूनबाई! माह्या गोठ्यामागं बिबट बसून आहे." मी पोरांना मागे ओढलं. "मग तुम्ही कशाला निघालात? दार लावून बसायचं ना!" "बसलीच होती," त्या म्हणाल्या. "मंग याद आलं, पोरं येतीन."